ग्लिमर म्हणजे किती उजेड?

दिवाळी अंक उघडला की पानोपानी झगमगाट भेटतो. साड्यांच्या जाहिराती झगमगतात, दागिन्यांच्या लखलखतात आणि संपादकांच्या मनोगतात तर ज्ञानाचा सूर्यच उगवलेला असतो. एवढ्या उजेडात मी आज वाचकांपुढे एक अगदी लहानसा दिवा घेऊन येतो आहे, आणि तोही परक्या घरचा! इंग्रजीतला 'ग्लिमर' हा शब्द. आपल्यापैकी ज्यांच्या घरी सकाळी इंग्रजी वर्तमानपत्र येते त्यांना तो नवा नाही. कुठे युद्ध चालू असले आणि दोन्ही बाजूंचे मुत्सद्दी एका टेबलाशी बसले की दुसऱ्या दिवशी 'ग्लिमर ऑफ होप' आलाच म्हणून समजा. शेअर बाजार आठवडाभर कोसळून शुक्रवारी जरा सावरला, तरी तोच. क्रिकेटमध्ये सात गडी बाद झाल्यावर आठव्याने दोन चौकार मारले, तरी तोच.

शब्द इतका वापरातला असला की त्याच्याकडे कोणी निरखून पाहत नाही. मला मात्र वर्गात भाषांतर शिकवताना दरवर्षी त्याच्याशी झटापट करावी लागते. म्हणून वाटले, की एकदा त्याची नीट विचारपूस करावी. कोण, कुठला, घरी कोण कोण असते?

कोश उघडला तर अर्थ सरळ दिसतो: मंद, अस्थिर उजेड, असा उजेड देणे, आणि लक्षणेने एखाद्या गोष्टीची पुसटशी चाहूल. पण शब्दाचे जुने कागद काढले की गंमत दिसते. चौदाव्या शतकाच्या अखेरीस हा शब्द इंग्रजीत प्रथम दिसू लागला तेव्हा त्याचा अर्थ होता तेजाने चमकणे! म्हणजे आज ज्याला आपण मिणमिणणे म्हणतो, तो मुळात लखलखत होता. पुढच्या शतकात त्याचा अर्थ उतरला आणि मंद उजेडावर येऊन थांबला. दिव्यातले तेल संपत आले की ज्योत लहान होते हे आपण जाणतो. पण प्रकाशाचा शब्दच असा काळाच्या ओघात मंदावावा, हे विरळा. अर्थात शब्दांचे असे चालायचेच. आपला 'साहस' घ्या. जुन्या धर्मशास्त्रात साहस म्हणजे बळजोरीचा गुन्हा. आज साहसी मुलाला आपण शाबासकी देतो. एकाची बढती झाली, दुसऱ्याची उतरण, एवढेच.

या शब्दाच्या शेपटाकडेही पाहण्यासारखे आहे. इंग्रजीत क्रियापदाला लागणारा 'अर' हा प्रत्यय अनेकदा 'पुन्हा पुन्हा' असे सांगतो. फ्लिकर, शिमर, फ्लटर, चॅटर, पॅटर हे सगळे त्यातलेच. फडफडणे एकदा होत नाही, बडबड एका शब्दात संपत नाही. ग्लिमरही तसाच. तो उजेड एकदा दिसून थांबत नाही. दिसतो, बुजतो, पुन्हा दिसतो. इंग्रज हे सगळे एका शेपटात सांगतो. आपण काय करतो? आपण शब्दच दोनदा म्हणतो! मिणमिण, लुकलुक, चमचम, झगमग. उजेड दोनदा दिसला, तर शब्दही दोनदा. मला तर यात आपली रीत अधिक प्रामाणिक वाटते. मोल्सवर्थसाहेबांनी आपल्या मराठी कोशात (पहिली आवृत्ती 1831, दुसरी 1857) अशा जोडशब्दांना मोठ्या आस्थेने जागा दिली आहे. या शब्दांना 'खेडवळ' म्हणून बाजूला सारणारे पंडित तेव्हाही असतील, पण साहेबांनी त्यांचे ऐकले नाही हे आपले भाग्य.

आणि आता एक गोष्ट पाहा. 'लखलख' आणि 'लुकलुक' हे शब्द शेजारीशेजारी ठेवून मोठ्याने म्हणा. लखलखते ती वीज, तलवार, घासून लख्ख केलेले तांब्याचे भांडे. लुकलुकते ती चांदणी, दूरच्या वाडीवरचा दिवा, म्हाताऱ्याचे डोळे. आता 'धगधग' आणि 'धुगधुगी'. होळी धगधगते, धुगधुगी मात्र मरणाच्या दारातल्या माणसाच्या छातीत असते. व्यंजने तीच, किंवा जवळपास तीच. 'अ' चा 'उ' झाला आणि आग विझत आली! हे केवळ उजेडाचे नाही. ढग गडगडतात, पोटात गुडगुडते. जखमेवर मीठ चरचरते, जागरणाने डोळे चुरचुरतात. डोके भणभणते, कानाशी माशी भुणभुणते. तोंड मोठे उघडले की गोष्ट मोठी, ओठ आवळले की लहान. आपल्या आज्यापणज्यांनी हे व्याकरण कुठल्या शाळेत शिकले नव्हते. त्यांच्या जिभेला ते ठाऊक होते.

इंग्रजीतही असेच आहे का? पुष्कळसे आहे. ग्लेअर म्हणजे डोळे दिपवणारा झोत, ग्लो म्हणजे निखाऱ्याची ऊब असलेला भरघोस उजेड. आणि ग्लिमर, ग्लिंट, ग्लिम्प्स? सगळे ऱ्हस्व इकाराचे, सगळे क्षणभराचे, सगळे चिमुकले. आपल्या मिणमिणमध्येही इकारच आहे, आणि हिंदीतल्या टिमटिममध्येही. नियम म्हणून मी हे सांगत नाही, कारण भाषेत नियम केला की अपवाद दारात येऊन उभा राहतो. पण दिवाळीच्या फराळाच्या वेळी घरातल्या मुलांना असे जोडशब्द शोधायला सांगा. पत्त्यांच्या डावापेक्षा जास्त वेळ रमतील.

आता या शब्दाचे घराणे. इंग्रजीत 'ग्ल' ने सुरू होणारे आणि उजेडाशी नाते सांगणारे शब्द इतके आहेत की मोजताना दमछाक व्हावी. ग्लीम, ग्लो, ग्लिटर, ग्लिसन, ग्लिंट, ग्लॉस, संध्याकाळचा ग्लोमिंग, बहुधा काचेचा ग्लासदेखील. 'ग्लॅड' म्हणजे आनंदी. पण जुन्या इंग्रजीत तो शब्द चकाकणाऱ्या वस्तूलाही लावीत. चेहरा उजळला म्हणजे आनंद झाला, हे आपल्याकडेही आहेच. अशा रीतीने आरंभीच्या दोन ध्वनींतच अर्थाची छटा वस्तीला येते, या प्रकाराला 1930 साली जे. आर. फर्थ या भाषाशास्त्रज्ञाने एक पारिभाषिक नाव दिले. हे फर्थ 1919 ते 1928 या काळात लाहोरला पंजाब विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते. उत्तर हिंदुस्थानातल्या बाजारांत चमचम, झगमग त्यांच्या कानांवर पडलेच असणार! अर्थात हा माझा तर्क. मास्तरकीची सवय, दुसरे काय.

या घराण्याचे मूळ शोधत विद्वान आणखी मागे जातात आणि 'चमकणे' या अर्थाच्या एका प्राचीन धातूपाशी पोहोचतात. त्या धातूपासून इंग्रजीत पिवळ्याचा 'येलो' आला, सोन्याचा 'गोल्ड' आला. आणि आपल्या बाजूला संस्कृतात पिंगट-पिवळ्या रंगाचा 'हरि' आला, सोन्याचे 'हिरण्य' आले. हरिपासून हरिद्रा, आणि हरिद्रेची झाली हळद. म्हणजे हे अनुमान मान्य केले तर ग्लिमर आणि आपल्या मिसळणाच्या डब्यातली हळद ही लांबची भावंडे ठरतात! लक्ष्मीपूजनाला आपण जे श्रीसूक्त म्हणतो त्याचा पहिलाच शब्द हिरण्यापासून बनलेला आहे. तेव्हा पाटावर मांडलेल्या हळदकुंकवाला आणि पूजेच्या मंत्राला परस्परांची ओळख सांगण्याची गरज नाही.

घराणे म्हटले की त्यात घुसखोरही आलेच. 'ग्लोरी' लॅटिनमधून आली, तिचे या भावकीशी नाते नाही. आणि 'ग्लॅमर'? वर्गात दरवर्षी कोणी ना कोणी ग्लिमर आणि ग्लॅमर यांची गल्लत करतोच. वास्तविक ग्लॅमर हा 'ग्रामर' चा, म्हणजे व्याकरणाचा, स्कॉटलंडात झालेला अपभ्रंश आहे! अडाणी लोकांना पुस्तकी विद्या म्हणजे जादूटोणा वाटे; त्या जादूचे नाव ग्लॅमर पडले. ही हकिकत मी व्याकरणाच्या पहिल्या तासाला आवर्जून सांगतो. उपस्थितीवर मात्र तिचा काही परिणाम झालेला नाही.

ग्लिम्प्स हा या शब्दाचा जवळचा नातलग. त्याच्या उच्चारातला 'प' मुळात नव्हता. 'म' म्हणून ओठ मिटले आणि तिथून एकदम 'स' कडे उडी घ्यायची, तर मध्ये नकळत 'प' फुटतो. आपल्याकडे नेमका हाच चमत्कार आम्र या शब्दात झाला. 'म' नंतर 'र' म्हणताना मध्ये 'ब' उमटला, पुढे 'र' गळाला आणि राहिला आंबा. ताम्राचे तांबे झाले तेही असेच. हापूसची फोड तोंडात टाकताना यापुढे हे आठवले, तर मला दोष देऊ नका.

जर्मन भाषेत ग्लिमर म्हणजे अभ्रक. खडकात दिसणारे ते चकचकीत पापुद्रे पाहून त्यांना उजेड आठवला. आपल्या पूर्वजांना त्याच दगडात ढग दिसला, कारण अभ्र म्हणजे मेघ. वस्तू तीच, एकाला आत दिवा दिसला, दुसऱ्याला आभाळ.

पण या शब्दाची मला सर्वांत आवडणारी कथा कोशातली नाही, ती स्वयंपाकघरातली आहे. स्थळ आयर्लंडची राजधानी डब्लिन, काळ दुसऱ्या महायुद्धाचा. आयर्लंड युद्धात तटस्थ होते. तिकडे त्या वर्षांना युद्ध न म्हणता 'इमर्जन्सी' म्हणत. परंतु तटस्थ राहिल्याने चूल पेटत नाही. डब्लिनमधल्या घरोघरी नळाने येणारा गॅस कोळशापासून बनत असे आणि कोळसा येई ब्रिटनमधून. ब्रिटनला स्वतःलाच कोळसा पुरेना; त्याने पुरवठा आखडता घेतला. तेव्हा 1942 च्या सुमारास डब्लिनमध्ये गॅसचे रेशनिंग आले. जेवणाच्या सुमारास दिवसातले ठरलेले काही तास गॅस मिळायचा, बाकीचा वेळ बंद.

आता यातली अडचण पाहा. गॅसचे नळ पूर्ण रिकामे करून चालत नाही. आत हवा शिरली तर भडका उडायचा धोका. म्हणून बंदच्या वेळेतही नळात थोडासा गॅस, अगदी क्षीण दाबाने, शिल्लक असायचा. शेगडीला काडी लावली तर निळीशी, करंगळीएवढी ज्योत धरायची. या उरल्यासुरल्या गॅसला आणि त्या ज्योतीला लोकांनी नाव दिले 'ग्लिमर'. आणि तो वापरणे हा गुन्हा!

गुन्हा असला तरी तान्ह्या मुलाचे दूध कोमट करायला वेळ थोडीच पाहता येते? आजारी म्हाताऱ्याला रात्री चहा हवा असला तर त्याला 'उद्या साडेपाचला' असे कसे सांगणार? बायका गुपचूप ती ज्योत लावीत आणि तिच्यावर आधण ठेवून वाट पाहत बसत. म्हणून गॅस कंपनीने तपासनीस नेमले. हा इसम अवचित दार ठोठवायचा, सरळ स्वयंपाकघरात शिरायचा आणि शेगडीला हात लावून पाहायचा. शेगडी ऊन लागली की गुन्हा शाबीत. घराचा पुरवठा तोडण्याचा अधिकार त्याच्याकडे होता. लोकांनी त्याचे नाव ठेवले 'ग्लिमर मॅन'. तो गल्लीत शिरताच पोरे ओरडत घरोघर वर्दी देत, आणि आया धावत जाऊन तापल्या शेगडीवर ओला बोळा फिरवीत. आपल्या वाड्यांतून पूर्वी नळाला पंप लावणाऱ्यांची जशी पळापळ व्हायची, तसेच हे दृश्य. माणसाचा स्वभाव काय, डब्लिन असो की दादर!

युद्ध संपले तरी टंचाई लगेच संपली नाही. ती ओसरल्यावर ग्लिमर मॅनही गेला. पण त्याचे नाव राहिले. डब्लिनमध्ये आज त्या नावाची एक मद्यशाळा आहे. ज्याच्या नावाने आया दचकत, त्याच्या नावाची पाटी खाली बसून नातवंडे निवांत पेला भरतात.

मला या कथेत कोशापेक्षा अधिक अर्थ सापडतो. ग्लिमर म्हणजे नुसता मंद उजेड नव्हे. वरून पुरवठा बंद झाल्यावर नळात जे उरते ते ग्लिमर. त्यावर स्वयंपाक होत नाही, पण दूध कोमट होते.

हे सगळे मला गेल्या पावसाळ्यात उपयोगी पडेल असे वाटले नव्हते. आमच्या शेजारचे नाना, वय वर्षे ब्याऐंशी, एका रात्री घेरी येऊन पडले. मेंदूत रक्तस्राव झाला होता. मुलगा बंगळुरूला, सून नुकतीच आलेली. अतिदक्षता विभागाच्या बाहेर बाकावर माई, सून आणि मी. तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर बाहेर आले. गृहस्थ दक्षिणेकडचे, कामात तरबेज, पण मराठी बेताचे. त्यांनी इंग्रजीत दोन-चार वाक्ये सांगितली. बरेचसे वैद्यकीय होते. शेवटी म्हणाले, ''देअर इज अ ग्लिमर. जस्ट अ ग्लिमर.'' आणि पुढच्या रुग्णाकडे गेले.

माईंनी माझ्याकडे पाहिले. ''सर, काय म्हणाले हो डॉक्टर?''

परीक्षेत हे वाक्य भाषांतराला आले असते तर मी तीन उत्तरांना पूर्ण गुण दिले असते. पण इथे तीनातले एक निवडायचे होते आणि खोडरबर नव्हते. 'आशेचा किरण आहे' म्हणावे, तर माई पदराने डोळे पुसून नानांचे धुतलेले सदरे आणायला घरी गेल्या असत्या. किरण हा सूर्याचा असतो; तो आला म्हणजे मागून दिवस यायचाच. 'धुगधुगी आहे' म्हणावे, तर अर्थ जवळजवळ तंतोतंत. पण तो शब्द आपण कधी उच्चारतो? तुळशीपत्र आणायला सांगताना. डॉक्टर तेही म्हणाले नव्हते. आणि 'थोडीशी शक्यता आहे' हे तर विमा कंपनीचे मराठी. पन्नास वर्षांचा संसार केलेल्या बाईला ते काय सांगायचे?

मी म्हणालो, ''माई, दिवा आहे. मिणमिणता आहे, पण आहे.''

माई क्षणभर गप्प बसल्या. मग म्हणाल्या, ''म्हणजे वात सारायला हवी.'' आणि सुनेला म्हणाल्या, ''त्याला फोन कर. म्हणावं, सुटी मिळेल तेव्हा नको, आज नीघ.''

वात सारणे! समईची वात जळत जळत आत येते, तेव्हा काडीने ती जराशी पुढे सारायची असते. तेल उरले असले तर ज्योत पुन्हा धरते. नसले तर नाही. त्यांना सगळे समजले होते. डॉक्टरांच्या वाक्यात जेवढी आशा आणि जेवढी भीती होती, तेवढीच त्यांच्यापर्यंत पोहोचली होती.

संध्याकाळी मात्र सुनेला नातेवाइकांशी फोनवर बोलताना ऐकले. ''डॉक्टर म्हणाले, आशेचा किरण आहे.'' झाले! दुसऱ्या दिवसापासून घरी कधी सोडणार, अशी विचारणा सुरू झाली. मी त्या पोरीला दोष देत नाही. आपल्या कानांवर छापील मराठी इतके पडते, की तयार जोडी जिभेवर आधी येते.

नाना त्यानंतर सतरा दिवस होते. मधले दोन दिवस चांगले गेले. मुलाला त्यांनी ओळखले, त्याच्याशी बोलले, वीजबिल भरलेस का म्हणून विचारले. नंतर मालवले. सारे आटोपल्यावर मुलगा मला म्हणाला, ''काका, आईला तुम्ही त्या दिवशी नेमकं काय सांगितलंत? ती सगळ्यांच्या आधी तयार होती.''

तर सांगायचे म्हणजे 'किरण' या शब्दावर माझा राग आहे असे नव्हे. राग आहे तो त्याच्या एकाधिकारावर. इंग्रजीत आशेचा 'रे' असतो, 'ग्लीम' असतो, 'ग्लिमर' असतो, 'फ्लिकर' असतो. पहिला सरळ आणि निश्चित, शेवटचा विझू-विझू करणारा. वर्तमानपत्री मराठीत या चौघांचाही एकच किरण होतो. वास्तविक आपल्याजवळ काय नाही? कौलाच्या फटीतून जमिनीवर पडतो तो कवडसा. ढगाआडून क्षणभर येते ती तिरीप. पहाटेचे झुंजुमुंजु, सांजेची दिवेलागण. सोन्याला झळाळी, रेशमाला तकाकी. एवढी श्रीमंती असून आपण एकाच नाण्याने सगळा बाजार करतो.

वर्गात मी मुलांना ग्लिमरची वेगवेगळी वाक्ये देतो. डोळ्यांतला ग्लिमर असेल तर 'चमक' चालते. पण मिश्कील चमक वेगळी, लोभी वेगळी. ओठांवरच्या ग्लिमरला कोणी 'स्मितरेषा' लिहितो, आणि ते ठीकच आहे. एका मुलीने लिहिले होते, 'हसू ओठांच्या कोपऱ्यापर्यंत येऊन परत गेले.' मी तिच्या वहीवर काही लिहिले नाही, नुसती खूण केली. समजुतीचा ग्लिमर असेल तर 'डोक्यात उजेड पडणे' आहे, पण जपून. 'उजेड पाडलास' असे आपण कौतुकाने कधी म्हणतो? 'दिवे लावलेस' चे तेच. मराठी माणसाला उजेडाचे कौतुक फार, पण कोणी तो पाडला की त्याची टिंगल आधी!

अलीकडे या शब्दाला आणखी एक पालवी फुटली आहे. डेब डाना या अमेरिकन मनोपचारतज्ज्ञ बाईंनी 2018 च्या आपल्या पुस्तकात 'ग्लिमर्स' हा शब्द एका नव्या अर्थाने वापरला. ज्या गोष्टीने जुनी जखम एकदम जागी होते तिला त्या शास्त्रात ट्रिगर, म्हणजे बंदुकीचा चाप, म्हणतात. तिच्या उलट, ज्या बारीकशा गोष्टीने जीव क्षणभर निवतो ती ग्लिमर. उन्हात पडलेले मांजर, चहाचा वास, ओळखीच्या माणसाची हाक. कल्पना चांगली आहे. पुढे ती समाजमाध्यमांच्या हाती लागली आणि लोक आपापल्या ग्लिमर्सचे फोटो काढून जगाला दाखवू लागले. चहा गार होईपर्यंत त्याचा फोटो काढण्यात जीव कितपत निवतो, हे मला ठाऊक नाही.

मिणमिणता उजेड दिसायला भोवती अंधार लागतो, आणि तो आता विकत घ्यावा लागतो. जूनच्या तोंडाशी भंडारदऱ्याच्या रानात काजवे पाहायला शहरांतून गाड्यांच्या रांगा लागतात. काजव्याचा उजेड हा त्याचा निरोप असतो. नर लुकलुकून मादीला खूण करतो, मादी उत्तर देते. आपल्या गाड्यांचे दिवे त्या झाडांवर पडले की हा सगळा पत्रव्यवहार पुसला जातो. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी 2024 मध्ये भारतातले पहिले 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली. तिथे आकाश काळे राहावे म्हणून जमिनीवरचे दिवे आवरते घेतले आहेत. चांदण्या लुकलुकतात हे आमच्या इमारतीतल्या मुलांना कवितेतून कळते, गच्चीवरून नव्हे.

एक प्रश्न उरला, आणि तो मला अजून पुरता सुटलेला नाही. इंग्रजीत एखाद्याला एखादी गोष्ट मुळीच कळत नसेल तर त्याला तिचा ग्लिमरही नाही असे म्हणतात. याचे मराठी काय? 'लवलेश नाही' हे बरे, पण पुस्तकी. 'मागमूस नाही' हे हरवलेल्या माणसाचे. बोलता बोलता आपल्या तोंडी सहज येते ते वेगळेच: 'त्याला गाण्याचा गंध नाही.' म्हणजे इंग्रजाला अज्ञान डोळ्याने कळते, आपल्याला नाकाने! असे का झाले असावे? त्यांच्याकडे हिवाळ्यात दुपारीच अंधारते, म्हणून त्यांना उजेडाची मोजदाद अधिक, असे कोणी म्हणेल. आपल्याकडे फुलाचा, मातीचा, फोडणीचा वास वस्तूच्या आधी येतो, म्हणून आपण गंधाने सुरुवात करतो, असे मी म्हणेन. या घटकेला शेजारच्या स्वयंपाकघरातून चकलीच्या भाजणीचा वास येतो आहे. दिवा कुठला लागला आहे ते मला दिसत नाही, पण माई या वर्षीही तळण करताहेत एवढे इथूनच कळते.